मिरचीची वाट

लेकीचे डोळे आले ते नेमके आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठ दिवस उरले असताना. आधीच एकदा साखर वाढली म्हणून ते पुढे ढकललेलं. दोन वर्षं आई आम्हाला चेहऱ्यावरून नाही, आवाजावरून ओळखत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळ्याला जरा जरी संसर्ग झाला तर ऑपरेशन रद्द.

"माह्याकडे पाहू नको वं," आई नातीवर ओरडली आणि डोळ्यांवर पदर ओढून बसली. डोळ्याला डोळा भिडला की साथ लागते, हे तिचं पक्कं मत. आमच्या अख्ख्या गल्लीचं तेच मत, म्हणून जो तो काळा चष्मा लावून हिंडत होता. माझा नवरा तर घरातही चष्मा लावून फिरला आणि कपाटावर आपटला. मला हसू आवरेना.

पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. नुसत्या बघण्यानं रोग जातो तरी कसा? खोदून खोदून विचारायची माझी खोड जुनीच. डॉक्टर म्हणाले, बघण्यानं काही होत नाही. डोळ्यातलं पाणी हाताला लागतं, हात नळाला, टॉवेलला, उशीला, आणि तिथून दुसऱ्याच्या डोळ्यात. घरी येऊन मी हे आईला सांगितलं.

"म्हणजे आम्ही आजवर येडेच होतो काय?" ती म्हणाली. पदर काही हलला नाही.

रविवारी नवऱ्यानं पोह्यांसाठी मिरच्या चिरल्या. थोड्या वेळानं मी तोंड धुऊन बेसिनजवळच्या टॉवेलनं पुसलं आणि किंचाळलेच. डोळ्यांत आग! आले माझेही डोळे, संपलं सगळं, असं वाटून मी रडकुंडीला आले. आईनं चाचपडत टॉवेल घेतला, हुंगला, जिभेला लावला.

"हे तं मिरची आहे वं!"

नवऱ्यानं हात नुसते पाण्याखाली धरले आणि टॉवेलला पुसले होते. "मिरचीनं कोनाच्या डोळ्यात पाह्यलं होतं?" आईनं स्वतःलाच विचारलं आणि पदर खाली घेतला.

त्या दिवसापासून हुकूम तिचा. टॉवेल वेगळे, उशा वेगळ्या, डोळ्यांत थेंब टाकण्याआधी आणि टाकल्यावर साबणानं हात धुवायचे. कोणाचाही हात चेहऱ्याकडे गेला की ती अंधुक हालचालीच्या अंदाजानं ओरडायची, "मिरची!"

ऑपरेशनच्या तीन दिवस आधी माझे डोळे खरंच आले. लेकीची उशी मीच तर उचलत होते. माझा भाऊ त्याच दिवशी आईला कामठीला आपल्या घरी घेऊन गेला. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं, मी मात्र घरीच. तिची पट्टी निघताना मी समोर नसणार, याचं फार वाईट वाटलं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी राहवेना. स्कूटर काढली, कामठी गाठली आणि भावाच्या फाटकाबाहेर उभी राहिले. आई ओसरीवर खुर्चीत. तिला ऑपरेशनचा काळा चष्मा, मला साथीचा.

"काढ वं तो चष्मा. पाहू दे मले."

"भीती नाही वाटत?"

"पाहून कुठं येते?"

मी चष्मा काढला. तिनंही आपला कपाळावर सरकवला आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"काहून वं, इतकी म्हातारी कधी झाली तू?"

माझे डोळे भरून आले. पुसायला हात वर गेला, तोच ओसरीवरून आई ओरडली, "मिरची!"