शेपटीतला पंखा

आमच्या गावात माझ्या नवऱ्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. ग्रिल, गेट, होड्यांची किरकोळ कामं. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक शिल्पकार बाई त्यांच्याकडे आली. तिला जेटीवर लोखंडी सुरमई उभी करायची होती, माणसाच्या दुप्पट उंच. शेपटीत पंखा बसवायचा. तो वाऱ्यावर फिरला की वीज तयार होणार आणि माशाच्या पोटातले दिवे लागणार. चित्र तिचं, बाकी सगळं काम ह्यांचं.

शेवटचा पत्रा जोडायचा राहिला असताना दुकानातच ह्यांच्या छातीत कळ आली. कुडाळला नेईपर्यंत गेले.

पत्रा दुसऱ्या कुणीतरी जोडला. उद्घाटनाला मी गेले, कारण बोलावलं होतं. मला शाल दिली. बाई माझा हात धरून रडली, मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आंबोळ्यांचं पीठ उन्हात राहिलंय, एवढंच माझ्या मनात होतं. दिवे लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला चांगलं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.

पावसाळ्यानंतर पंखा अडकला. सरपंच घरी आले.

"वयनी, मासो बंद पडलो. भावान खंयचा ग्रीस लावलेला, तुमका म्हायत आसा?"

"नाव म्हायत नाय. डबो घरात आसा."

डबा घेऊन मीच शिडीवर चढले. बेअरिंगवर खाऱ्या हवेचा गंज चढला होता. तो तारेच्या ब्रशने घासला, ग्रीस भरलं. समोर ह्यांचे जोड दिसत होते, बारीक, एकसारखे. आता रडू येईल असं वाटलं. सरपंचांनाही तसंच वाटलं असावं, ते खाली मान घालून उभे होते. रडू आलं नाही. पंखा फिरायला लागला.

"चालू झालो," ते म्हणाले.

"होय. शिडी धरा, उतरतंय."

आता दर दोन महिन्यांनी जाते. केवढी माया, असं गावात म्हणतात. ते मुलीच्या कानावर गेलं. तिने मुंबईहून फोन केला.

"आई, थंय गेल्यार तुका बरां वाटता?"

"तसां काय नाय. कोणीतरी करूक व्हया."

मग तिने विचारलं, "जेवलंस?"

जेवले नव्हते. जेवलंय म्हणून सांगितलं.