गोल झाल्यावरचा बार

"सिगारेट बाहेर," ओब्दुलियामावशी मान वर न करता म्हणाली.

दारात आलेल्या, गावचा फुटबॉल संघ चालवणाऱ्या ऊर्बानोशेटांनी सिगारेट बुटाखाली चिरडली. त्यांच्या मागे त्यांचा मेहुणा रिगो, गावातला न्हावी, टोपी हातात घेऊन उभा होता. मावशी कागदाच्या गोळ्यावर सुतळीचे वेढे घालत होती. एक पाय गोळ्याखाली, सुतळीचं टोक दातात.

"बसा म्हणणार नाही. बसायच्या जागी बारांची दारू वाळतेय."

"उभ्यानेच सांगतो, मावशी. रविवारच्या सामन्याबद्दल."

"बार तयार होतायत. अजून किती हवेत? इतके गोल कधी केलेत तुमच्या पोरांनी?"

रिगोला हसू आलं. शेटांनी मागे बघितलं तसं त्याने ते गिळलं.

"बारांचं नाही. पेटवण्याचं," शेट म्हणाले. "रविवारी रिगो पेटवेल."

सुतळीचा वेढा अर्ध्यातच थांबला.

सान बेर्नाबे गावात सामन्याच्या दिवशी अर्धं गाव मैदानावर असतं. उरलेलं अर्धं, म्हणजे कॉफीच्या उतारावर तोडणीला गेलेल्या बायका, चुलीपाशी अडकलेल्या सुना, खाटेवर पडलेली म्हातारी माणसं, कान लावून असतं. आपला गोल झाला की कबरस्तानाच्या भिंतीलगतच्या टेकाडावरून एक बार उडतो. नळ्यातून धप्पकन वर जातो आणि आभाळात फुटतो. एक बार, एक गोल. हे काम आधी ओब्दुलियामावशीच्या सासऱ्याकडे होतं, मग नवऱ्याकडे, आणि तो गेल्यापासून तिच्याकडे. घराण्याचा नियम एकच: पंचाचा हात मैदानाच्या मधल्या ठिपक्याकडे गेल्याशिवाय काडी ओढायची नाही. त्यामुळे तिचा बार थोडा उशिरा यायचा. पण खोटा बार तिने कधी उडवला नव्हता. उतारावरच्या बायका बार ऐकला की टोपली खाली ठेवून नाचायच्या, खरंखोटं विचारायच्या नाहीत.

"कारण काय म्हणायचं?" मावशीने विचारलं.

"कारण तुम्हालाही ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. हा त्र्याहत्तरचा मोसम. रविवारी शेवटचा सामना, आमच्या देपोर्तिवोचा, किनाऱ्याकडच्या एस्त्रेया संघाशी. जिंकलो तर आम्ही वरच्या गटात राहणार आणि एस्त्रेया खाली जाणार. बरोबरी झाली तरी जाणार आम्हीच. आणि एस्त्रेयाच्या गोलात उभा राहणार होता नेफ्ताली, ओब्दुलियामावशीचा एकुलता एक मुलगा.

"आमच्या गोलाचा बार त्याच्या आईने उडवायचा," शेट म्हणाले, "लोकांना पटत नाही. बार उडालाच नाही तर? दारू सादळली म्हणालात तर?"

"माझी दारू सादळली? कधी?"

"कधी नाही. म्हणूनच रविवारी नको."

"आणि त्याला इथून घालवलं कुणी? पायांमधून एक बॉल गेला तर गावाने पोराचं नाव चाळणी ठेवलं. भिंतीवर लिहिलंत. माझ्या भिंतीवर!"

रिगोने वातावरण सैल करायला तोंड उघडलं. "मावशी, खरं सांगू? तुमच्या बाराला आपला बोनीसुद्धा घाबरतो. राजधानीचा पोरगा ना तो! गेल्या महिन्यात गोल करून खाली बसला. मला वाटलं देवाचे आभार मानतोय. बघतो तर कान झाकलेले!"

"तू विषय बदलू नकोस," मावशी त्याला म्हणाली. मग शेटांकडे वळली. "दारू माझी, नळे माझे. पेटवायचं तर पेटवू दे याला. पण मी शेजारी उभी राहणार. याची बोटं तुटली तर गावाच्या दाढ्या कोण करणार?"

"राहा की! पण हात लावायचा नाही," शेट म्हणाले. "आणि रिगो, बार वेळेवर उडव. यांचा नेहमी उशिरा येतो. गोल आणि बार एकदम व्हायला पाहिजेत."

"एकदम होत नसतात ते," मावशी म्हणाली. पण शेट तोवर अंगणात पोचून दुसरी सिगारेट काढत होते.

रविवारी टेकाडावर नळे पुरताना ती रिगोशी फक्त कामापुरतं बोलली. नळा असा तिरका. बार असा सोडायचा, वात तोंडाबाहेर एवढी. पेटवली की मागे, तोंड वळवून. दुसरा नळा भरून ठेवायचा, पण वातीला हात लावायचा नाही.

"दुसरा कशाला?"

"पहिल्याने दगा दिलाच तर."

एस्त्रेयाची बस आली तेव्हा कुंपणाबाहेरून ओरडा सुरू झाला. "चाळणी आली रे! पीठ आणा, पीठ!" नेफ्तालीने उतरताना टेकाडाकडे पाहिलं. आई दिसली. तिच्या शेजारी काडेपेटी घेतलेला न्हावी दिसला. तो काय समजायचं ते समजला आणि आत गेला.

पूर्वार्धात तो टेकाडाच्या बाजूच्या गोलात होता. आईला त्याची पाठ दिसत होती. बोनी एकदा एकटाच पुढे घुसला. सगळं मैदान उठलं, बोनीने लाथ घातली, आणि टेकाडावर काडी फर्रकन पेटली. बॉल खांबावर आपटून बाहेर गेला.

मावशीने फुंकर मारून काडी विझवली. "पंचाचा हात बघ म्हटलं होतं ना?"

"शेट म्हणाले एकदम..."

"शेट बाहेर उभे राहून धूर काढतात. उडवणारे आपण."

उत्तरार्धात बाजू बदलल्या. नेफ्ताली मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गेला, आणि आई व मुलगा आता समोरासमोर आले. मध्ये सगळा सामना. तो बॉल अडवत होता. एक उजवीकडे झेपावून, एक मुठीने, एक तोंडाने. नाकातून रक्त आलं, त्याने बाहीला पुसलं. आधी शिव्या देणारं मैदान हळूहळू गप्प झालं. वेळ संपत आली तशी कुंपणाला धरून उभी असलेली माणसं कुंपणच हलवायला लागली.

"मावशी," रिगो हळूच म्हणाला, "तुम्हाला काय व्हावंसं वाटतंय?"

"तू काडेपेटी कोरडी ठेव."

आणि तेवढ्यात बोनीला गोलासमोर पाडलं. पंचाची शिट्टी. पेनल्टी.

मैदानातून असा आवाज उठला की कबरस्तानातली कबुतरं उडाली. पंच घड्याळ बघत होता. हा फटका शेवटचाच, हे सगळ्यांना कळलं. बोनीने बॉल ठेवला. पाठ टेकाडाकडे. पुसून परत ठेवला. मग मागे यायला लागला.

मावशी मुलाकडे बघत होती. पाळण्यात असताना तो बारांच्या आवाजात झोपायचा. शांत झालं की रडायचा. तो रेषेवर उभा होता, गुडघे वाकवून. आणि एकाएकी त्याने गुडघे सरळ केले. तो बोनीकडे बघतच नव्हता. बोनीच्या डोक्यावरून, मैदानावरून, थेट टेकाडाकडे बघत होता.

तिला वास आला. तिने मान वळवली. रिगोच्या हातातली काडी संपलेली होती आणि नळ्याच्या तोंडाशी वात जळत होती.

"काय केलंस?"

"एकदम व्हायला पाहिजे ना," रिगो कुजबुजला. चेहरा पांढराफटक. "बोनी पेनल्टी चुकवत नाही."

वात केवढी, बोनीची धाव केवढी, तिने नुसत्या नजरेने ओळखलं. बोनीचा पाय बॉलला लागण्याआधी बार उडणार. बोनी दचकणार. कुठेतरी भिरकावणार. नेफ्ताली दचकणार नाही. उतारावरच्या बायका नाचायला लागतील आणि संध्याकाळी त्यांना कळेल की गोल झालाच नव्हता. आपला संघ खाली गेला. आणि हे सगळं रिगोच्या हातून होणार. तिला फक्त उभं राहायचं होतं. हात लावायचा नाही, शेटांनीच बजावलं होतं.

बोनी धावायला लागला.

मावशीने मूठ घातली. पेटती वात विझवता येत नाही, उपटावी लागते. तिने नळ्याच्या तोंडावर हात नेऊन ती मुळापासून ओढली, मूठ तशीच मिटून मातीत खुपसली आणि तोंडातून आवाज येऊ दिला नाही.

पलीकडे नेफ्ताली अजून वाट बघत होता. बॉल त्याच्या डावीकडून, हाताच्या अंतरावरून जाळ्यात गेला. तो हललासुद्धा नाही.

मैदान फुटलं. माणसं कुंपणावरून आत पडली. मावशी पंचाकडे बघत राहिली. पंचाचा हात वर झाला, आणि मधल्या ठिपक्याकडे गेला.

"काडी," ती म्हणाली.

रिगोने पेटीच पुढे केली. तिने डाव्या हाताने काडेपेटी घेतली, दातात धरली, काडी ओढली आणि दुसऱ्या नळ्याची वात पेटवली. बार आभाळात फुटला तेव्हा खालच्या उतारावरून बायकांची किलकारी ऐकू आली. मैदानाच्या मध्यावर पोरांच्या ढिगाऱ्यात बोनी कान झाकून बसला होता.

रिगोला लोकांनी खांद्यावर घेतलं. "जमलं रे न्हाव्याला! थोडा उशीर झाला, पण जमलं!" शेट टेकाडावर आले, घामाघूम, डोळ्यांत पाणी.

"बघितलंत मावशी? राग मानू नका. पण तुमच्या हातून झालं असतं का हे?"

रिगो खांद्यावरून खाली उतरायची धडपड करत होता. "शेट, ऐका, तो बार..."

"रिगो," मावशी म्हणाली, "नळे गार झाल्याशिवाय उचलू नकोस."

त्याने मान डोलावली. ती उजवा हात शालीत गुंडाळून टेकाड उतरली.

एस्त्रेयाची पोरं बसमध्ये डोकी खाली घालून बसली होती. नेफ्ताली बसच्या मागे एकटाच उभा होता.

"आई, धूर दिसला होता मला."

"कळलं मला. गुडघे सरळ केलेस तेव्हाच."

"म्हटलं आता उडणार. बोनी हवेत मारणार. म्हणून थांबलो. उजवीकडे नाही, डावीकडे नाही, नुसता थांबलो." त्याचा आवाज चढला. "का नाही उडाला? आपल्या घरचा बार, आई! आपल्या घरची वात मध्येच विझत नाही!"

तिने शालीतून हात काढला आणि मूठ उघडली. तळहातावर वातीची काळी रेघ उमटली होती, बाजूने कातडी फुगलेली.

तो बघत राहिला. बसचा भोंगा वाजला.

"गप्प उभी राहिली असतीस तर आम्ही वाचलो असतो."

"हो."

"मला कुणी परत चाळणी म्हटलं नसतं."

"हो रे."

"मग?"

"गोल झाला नव्हता अजून," ती म्हणाली.

तो वळला आणि चालायला लागला. तिला वाटलं, चालला बसमध्ये. पण तो बसला वळसा घालून समोरच्या घराच्या कुंपणापाशी गेला, वाकून कोरफडीचं जाड पान मोडलं आणि ते मधोमध चिरत परत आला. ड्रायव्हरने पुन्हा भोंगा वाजवला. "ए चाळणी, येतोस का?"

"थांब जरा! आईचा हात भाजलाय!"

त्याने तिचा तळहात आपल्या हातावर ठेवला आणि गर लावायला लागला, लहानपणी ती त्याला लावायची तसा, कडेकडून मध्याकडे. बस थांबून राहिली. खिडकीतून दोघं-तिघं बघत होते.

"पुढच्या मोसमात खालच्या गटात खेळणार ना?" तिने विचारलं.

"खेळणार. दुसरं येतं काय मला?" त्याने नाक ओढलं, रक्त सुकलं होतं. "तू पेटवशील ना पुढच्या मोसमात? का न्हावीच?"

"विचारतील मला."

"विचारतील," तो म्हणाला. "रिगोचा चेहरा बघितला मी."

आणि पुढच्या मोसमाच्या पहिल्याच सामन्याला रिगोने कुणी न सांगता काडेपेटी तिच्या दारात आणून ठेवली. आपली सिगारेट त्याने रस्त्यावरच विझवली होती.