चूक त्याच दिवशी

नऊ नंबरनी कधी कोणाला नावानं हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. फुटबॉल टीममधल्या मुलींना ते शर्टावरच्या नंबरानं बोलवायचे. गोलकीपर एक, आमची इरा सात. "सात, पायाकडे काय बघतेस? समोर बघ!" सुरुवातीला मला भयंकर राग यायचा. दोन्हीकडच्या आज्यांची मनं राखत, महिनाभर भांडून आम्ही पोरीचं नाव ठेवलं आणि हा माणूस तिला कैद्यासारखा आकडा लावतो! एकदा मी तसं म्हटलंही. तर शांतपणे म्हणाले, "नाव तिला आईनं दिलंय, डॉक्टर. नंबर तिनं स्वतः कमावलाय." मग सूड म्हणून आम्हीही घरात त्यांना नऊ नंबर म्हणायला लागलो, कारण आपल्या काळात ते नऊ नंबरचा शर्ट घालून खेळणारे स्ट्रायकर होते. बाकी इंग्लंडातलं आमचं अख्खं गाव, मिल्टन कीन्स, त्यांना कोच म्हणायचं.

मूळचे जर्मनीतल्या कोळशाच्या खाणींच्या गावचे. वडील खाणीत, काका खाणीत. हे एकटे उन्हात खेळले. तिथं थोडे दिवस मोठ्या क्लबात, बरेच दिवस मधल्या क्लबांत काढले आणि तिशी उलटल्यावर इंग्लंडात आले. उंच, खांद्यांनी रुंद, मान बैलासारखी. त्यांचे बहुतेक गोल डोक्यानं मारलेले. पुढे गुडघा गेला तेव्हा कोच झाले. पाच क्लबांनी त्यांना घेतलं आणि पाचही क्लबांनी काढलं. हे सांगताना त्यांना काही लाज वाटायची नाही. कोचला काढतातच, म्हणायचे. एकच गोष्ट मात्र त्यांच्या मनातून गेली नव्हती. एका क्लबानं काढल्याचं त्यांना पार्किंगच्या वॉचमननं सांगितलं होतं. सकाळी गाडी लावायला गेले, तर तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, साहेब, तुमची जागा आता दुसऱ्या कोणाची आहे. "सगळ्यांना माहीत होतं, डॉक्टर. कँटीनमधल्या बाईलासुद्धा. तिनं आदल्या दिवशी मला जास्तीचे बटाटे वाढले होते."

त्यांचा नियम बहुधा तिथूनच आला असावा. मॅच संपली की बुटांचा चिखलही न काढता मुलींनी गवतावर रिंगण करून उभं राहायचं. मग ते एकेकीसमोर जाऊन तिची एक चूक सांगायचे. एकच, पण तोंडावर, आणि त्याच दिवशी. जिंकलो असलो तरीही. कौतुक वगैरे नाही, ते करायला आईबाप आहेत. "चूक त्याच दिवशी सांगायची," ते म्हणायचे. "दुसऱ्या दिवशी सांगितली तर ती चुगली होते. आणि वर्षानं सांगणार असाल, तर सांगताच कशाला?" पहिल्या मॅचनंतर इरा गाडीत हमसून हमसून रडली. दुसऱ्या महिन्यापासून स्वतःच विचारायला लागली, "कोच, माझं काय चुकलं?"

त्या नियमातून माझी बायको मंजिरीही सुटली नाही. सीझनच्या शेवटी तिनं मोठ्या प्रेमानं डबाभर बेसनाचे लाडू त्यांना दिले. इथल्या रिवाजाप्रमाणे कुणी असतं तर लव्हली, ब्रिलियंट असं काहीतरी म्हणून डबा मागच्या सीटवर टाकला असता. ह्यांनी तिथंच पार्किंगमध्ये उभ्या उभ्या एक लाडू खाल्ला, पूर्ण खाल्ला, मिशी पुसली आणि म्हणाले, "साखर जास्त झालीय." मंजिरीचा चेहरा असा काही पडला! घरी येईपर्यंत ती जर्मनीच्या तीन पिढ्यांचा उद्धार करत होती. पण पुढच्या वर्षी साखर कमी घातली, आणि तेव्हापासून आमच्याकडे लाडू तसेच होतात. चांगले होतात, खोटं कशाला बोलू.

डोक्यानं गोल करून नाव कमावलेल्या ह्या माणसानं आपल्या टीमला मात्र बॉल डोक्यानं मारायची सक्त मनाई केली होती. उंचावरून बॉल आला की मुली बाजूला व्हायच्या आणि समोरची टीम खुशाल गोल करायची. पालक कुरकुरायचे. एकदा मैदानाच्या कडेला, टचलाइनवर, माझ्या शेजारी उभे असताना त्यांनी मला कारण सांगितलं. त्यांच्या जुन्या क्लबातला जोडीदार, शेजारी लॉकर असलेला, आता बायकोला ओळखत नव्हता. "आम्ही पावसात भिजलेला चामड्याचा बॉल रोज शेकड्यांनी डोक्यावर घ्यायचो. मजा यायची, डॉक्टर. डोक्यात घंटा वाजायची आणि आम्ही हसायचो." मग मैदानाकडे बघत म्हणाले, "माझंही कधी तसं झालं, तर मला कोणीतरी वेळेत सांगायला हवं. मी नीट निरोप घेईन, शिट्टी दुसऱ्याच्या हातात देईन आणि घरी जाईन. मुलींनी मला तसं बघायला नको."

मी हॉस्पिटलात म्हाताऱ्यांचा डॉक्टर आहे. विसरायला लागलेली माणसं रोज माझ्यासमोर येऊन बसतात. मी त्यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगतो, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतो आणि मग त्यांच्या मुलांना बाहेर बोलावून हलक्या आवाजात बोलतो. त्यामुळे इरा पंधरा वर्षांची असताना, त्या ऑक्टोबरात, जे इतरांना दिसलं नाही ते मला दिसलं. त्यांनी इराला अकरा म्हणून हाक मारली. पुढच्या रविवारी चार म्हणून. मुली खिदळल्या. ह्या माणसाला मुलींची नावं आठवतात की नाही हे कोणाला कळायला मार्गच नव्हता. नावं त्यांनी कधी घेतलीच नव्हती. आता नंबरही निसटत होते. मग एकदा मॅच अर्ध्यावर असताना त्यांनी मला विचारलं, सुरू कधी करायची? कोटाची चेन तीनदा लावायचा प्रयत्न करून शेवटी तो तसाच उघडा ठेवला.

एका रविवारी मॅचनंतर चुका सांगायचं रिंगण झालंच नाही. मुली गवतावर वाट बघत उभ्या राहिल्या आणि हे सरळ पार्किंगकडे, माझ्याकडे चालत आले. "डॉक्टर, तुम्ही डोकी तपासता. मला सांगा, माझं डोकं ठीक आहे?"

सांगायला हवं होतं. दुसरं काय हो काम आहे माझं! पण एप्रिलमध्ये इराची एका मोठ्या क्लबाच्या अकॅडमीत ट्रायल होती. तिथला माणूस ह्यांचा जुना शिष्य. ह्यांच्या पत्रावर मुली निवडल्या जायच्या आणि पत्र अजून जायचं होतं. शिवाय आपल्याकडची खोड. वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडावर असलं काही बोलायचं नाही, ते मुलाला किंवा जावयाला बाजूला घेऊन सांगायचं. ह्यांना मूल नव्हतं. बायको जाऊन चार वर्षं झालेली. बाजूला घ्यायला कोणी नव्हतंच. मी हसलो आणि म्हणालो, "ठीक आहे हो. वय झालंय. झोप पुरी घ्या."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग मोठा श्वास सोडला, माझा खांदा दाबला आणि परत मुलींकडे गेले. त्यांची पाठ किती हलकी झाल्यासारखी दिसत होती, ते मला अजून दिसतं.

घरी मंजिरी म्हणाली, "अरे, तू खोटं बोललास त्यांच्याशी?"

"खोटं नाही गं. पुढे ढकललंय. पत्र जाऊ दे, ट्रायल होऊ दे, मग शांतपणे बसून सांगतो."

"आणि तोवर मुलींना मॅचला नेणारी मिनीबस कोण चालवतंय?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला. एवढा निर्लज्जपणा मी करू शकतो हे मलाही तेव्हाच कळलं.

जानेवारीत पत्र गेलं. मार्चमध्ये शनिवारी बाहेरगावी मॅच होती. सकाळी इराचा फोन आला. "बाबा, कोच गोल गोल फिरतोय." मला वाटलं मैदानावर. आमच्या ह्या गावात पावलापावलाला राउंडअबाउट, म्हणजे रस्त्यांचे गोल चौक, सगळे एकसारखे. नवीन माणूस चुकतोच. पण हे तीस वर्षं इथं राहिलेले. त्यांनी एका राउंडअबाउटला मिनीबस घातली आणि बाहेर पडायचा रस्ताच त्यांना सापडेना. दुसऱ्या फेरीला मुली हसल्या. तिसरीला गाणं म्हणायला लागल्या. सहावीला कोणी बोलेना. शेवटी त्यांनी गाडी कडेच्या गवतावर चढवली, इंजिन बंद केलं आणि शेजारी बसलेल्या इराला विचारलं, "तुझा नंबर काय?"

"सात, कोच," ती म्हणाली. एवढं बोलायला तिला किती धीर लागला असेल!

मी पोचलो तेव्हा आणखी दोन पालक येऊन मुलींना आपापल्या गाड्यांत बसवत होते. मुली रडत होत्या, कोणी मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसली होती. नऊ नंबर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेले. मला बघितल्यावर त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. मग माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. त्या क्षणी त्यांचं डोकं अगदी लख्ख होतं, शपथेवर सांगतो.

"तुम्हाला आश्चर्य वाटलेलं दिसत नाही, डॉक्टर."

मी किल्ली मुठीत धरली. त्यांनी मान डोलवली, गळ्यातली शिट्टी काढली आणि कोणाला द्यावी ते न कळून डॅशबोर्डवर ठेवली. जो निरोप त्यांना नीट घ्यायचा होता, तो असा झाला. रस्त्याच्या कडेला, सगळ्या मुलींसमोर, शेजारून गाड्या हॉर्न वाजवत जाताना.

परत येताना इरा मागच्या सीटवर बसली. बुटांच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाली, "बाबा, तुला माहिती होता?" तिच्या मराठीतल्या चुका मी नेहमी सुधारतो. त्या दिवशी सुधारल्या नाहीत. "हो," म्हणालो. "मग तू त्याला का नाही सांगितला? He always told us." मी तिला कारण सांगितलं नाही. पण मुलांना कळतं. ट्रायल झाली, तिची निवड झाली, आणि वर्षभरात तिनं फुटबॉल सोडून दिला. भांडण नाही, काही नाही. आता नको, एवढंच म्हणाली. सध्या ग्लासगोला फार्मसी शिकते. बूट गॅरेजमध्ये आहेत.

नऊ नंबर आता बेडफर्डच्या बाजूला एका केअर होममध्ये असतात. खिडकीपाशी खुर्ची, बाहेर लॉन. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी मनाशी पक्कं ठरवून गेलो होतो. त्यांनी मला ओळखलं, निदान डॉक्टर म्हणून ओळखलं, आणि जवळ वाकून विचारलं, "मला सांगा, माझं डोकं ठीक आहे?" मी खुर्ची ओढली, त्यांचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. नाही, ठीक नाही. आजाराचं नाव सांगितलं. मला दीड वर्षापूर्वीच दिसलं होतं तेही सांगितलं, का बोललो नाही तेही. माफी मागितली. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि तो एवढा थोरला माणूस ओक्साबोक्शी रडला. "माझ्या बायकोला सांगू नका," म्हणाले.

मग चहा आला. त्यांनी बिस्किट बुडवून खाल्लं, लॉनकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून, जवळ वाकून विचारलं, "डॉक्टर, मला सांगा, माझं डोकं ठीक आहे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिथल्या केरळच्या नर्सनं दारातून माझ्याकडे बघत नुसती 'नको' अशी मान हलवली. तिचं बरोबर होतं. अशा माणसाला रोज नव्यानं दुःख देऊ नका, हे मी स्वतःच नातेवाइकांना शिकवतो. जे ऐकून त्यांना काहीतरी करता आलं असतं, ते मी त्या रविवारी पार्किंगमध्ये गिळलं होतं. आता सांगून फक्त माझं मन हलकं होणार होतं.

"ठीक आहे हो," मी म्हणालो. "वय झालंय. झोप पुरी घ्या."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि माझा खांदा दाबला. "बरं झालं तुम्हाला विचारलं. बाकीचे मागून बोलतात. तुम्ही तोंडावर सांगता."

दर रविवारी मी जातो. ते दर रविवारी विचारतात, आणि माझं उत्तर ऐकून झालं की माझे आभार मानतात.