पडद्याअलीकडचं पहिलं गिऱ्हाईक

आज वहीत लिहिणं आधी, पूजा नंतर. देव समजून घेईल.

आमची छकुली सोळाची. यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात पडद्यामागे बसून केसाएवढी स्प्रिंग बसवते, हात जराही हलत नाही. गिऱ्हाइकाची चाहूल लागली की तेच हात थरथरतात. कुणी काही विचारलं की तिच्याऐवजी मीच उत्तर द्यायचे. वर मिरवायचे, "गुणाची आहे हो, वर मान करून बोलत नाही." भीतीला मी गुण म्हणत होते! शाळेत जाणं थांबलं, जेवण सुटलं, दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडायला लागली, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लोकांची भीती आणि मनाची उदासी, दोन्ही एकत्र आल्यात. उपचार दोन्हींवर करू. आणि आई, पथ्य तुम्हाला. तिच्या वतीने बोलायचं नाही."

जन्मभर उपास केले, पण हा सगळ्यात कडक.

औषधं, दर आठवड्याची भेट, असे चार महिने गेले. मग छकुलीनंच ठरवलं: एक घड्याळ स्वतः गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, दोन शब्द बोलायचे. जमलं तर सोमवारपासून शाळेत एक तास.

आज एक निवृत्त मास्तर दुरुस्तीला दिलेलं घड्याळ न्यायला आले; ते रोज पाच मिनिटं मागे पडतं, ही त्यांची तक्रार. हे मुद्दाम आत सटकले; मी जपमाळ घेऊन बाजूला बसलेले.

"अहो घड्याळवाले! झोपलात की काय?"

पडदा हलला. छकुली आली, मान खाली.

"झालं का माझं घड्याळ?"

छकुलीनं नुसतंच घड्याळ त्यांच्या हातात ठेवलं. मास्तर माझ्याकडे वळले, "वहिनी, हिला बोलता येत नाही का?"

उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. मी जपमाळ मुठीत आवळली आणि छकुलीकडे बघत राहिले.

"झालंय," छकुली म्हणाली. आवाज फाटला. "काटा... काचेला घासत होता. मी सरळ केला."

"तू केलास?"

"हो. आता रोज पाच मिनिटं पुढे लावू नका. मागे पडणार नाही ते."

"घ्या! जन्मभर पोरांना दटावलं, आज मला दटावणारी भेटली," म्हणत मास्तर हसत गेले.

पडद्यामागे ती घामाघूम. पाणी प्याली, थोडी रडली.

"आई, तू बोलली नाहीस."

"जीभ चावून धरली होती गं."

"दिसत होतं. कारलं खाल्ल्यासारखं तोंड झालेलं तुझं."

आजही मिरवणार आहे मी, पण खऱ्या गोष्टीसाठी. शाळेचा गणवेश काढलाय, आखूड झालाय. खालची दुमड उसवायला घेते. सोमवारी लागेल.