एका गाडीला दोन कंडक्टर

“जावयबापू, तुम्ही वाहक आहात,” असं माझ्या बायकोचे मामा लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत म्हणाले आणि मी नम्रपणे सांगितलं, “नाही हो मामा, मी बँकेत असतो.” लग्नात त्यांनी आम्हा दोघांचं रक्त काढून नेलं होतं आणि त्यांचं म्हणणं साधं होतं. थॅलेसेमिया नावाचा रक्तदोष मी अंगात वाहतो आहे. मला त्याचा त्रास नाही, पण तो पोराबाळांत उतरू शकतो. बायकोचं रक्त निर्दोष निघालं, हे ती अजून ऐकवते. मी मात्र त्या दिवसापासून सगळ्या गोतावळ्यात ‘कंडक्टर’ झालो.

दहिवलीत रक्त तपासायची लॅब चालवणाऱ्या या अविवाहित मामांइतका माणसांच्या चेहऱ्यांबद्दल बेफिकीर माणूस मी पाहिलेला नाही. बाळाचं नाक आईचं की बापाचं यावर बायका भांडत असतात, तेव्हा मामा बाळाची खालची पापणी ओढून रक्ताचा रंग बघत असतात. मांडवात नवरदेवाचा हात हातात घेतात तो आशीर्वाद द्यायला नव्हे, शीर शोधायला. पत्रिका जुळली म्हणून कुणी पेढे आणले की म्हणतात, “मंगळाची शांत करता येते रं, रक्ताची नाय.” कुंभिवलीच्या एका म्हातारीनं तर तोंडावर विचारलं होतं, “डॉक्टर, तुमी लग्नं जमवता का मोडता वो?”

म्हणूनच आमच्या लेकीनं लोधिवलीच्या मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा मला आधी मामांची सुई आठवली. मामांनी अर्थातच दोघांचं रक्त काढलं. लेक माझ्यावर गेलेली. मुलगाही तसाच निघाला.

“एका गाडीला दोन कंडक्टर,” मामा म्हणाले, पण हसले नाहीत. लेक आणि बायको समोरच बसल्या होत्या.

“मोडायचं का मग?” मी विचारलं.

“कशाला? होणाऱ्या बाळाला मोठा आजार व्हायची भीती आहे, दर खेपेला चारात एक. पण आता दिवस राहिल्यावर लवकर तपासता येतं. मी सांगेन कुठे जायचं ते. करा गं लग्न. आमच्या वेळी ती सोय नव्हती.”

आमच्या म्हणजे कुणाच्या, हे विचारायचं नसतं. मी विचारलं.

शिकत असताना मामांनी आणि वर्गातल्या एका मुलीनं सराव म्हणून एकमेकांचं रक्त तपासलं होतं. दोघंही वाहक. “ती म्हणाली, मूल नसलं तरी चालेल. मीच घाबरलो. पुढं तिनं खालापूरला संसार केला.” मामा काचपट्टी उगाच पुसत राहिले. “मध्ये तिची नात आली होती तपासायला. पेशी लहान, फिकट, मधोमध टिंब. तिच्याच गं, थेट तिच्या. मायक्रोस्कोपवरून डोळा निघेना. नातीला घेऊन आलेली ती स्वतः बाहेर बाकावर बसली होती. दारातून दिसली.”

“मग?” लेकीनं विचारलं.

“मग काय? रिपोर्ट टेक्निशियनच्या हाती बाहेर पाठवला.”

परतताना रिक्षानं चारफाटा ओलांडला तेव्हा बायको म्हणाली, “लग्नाचं एक आमंत्रण खालापूरला जाईल. नाव-पत्ता मी विचारते मामांना. तुम्ही तोंड उघडू नका.”