टॉपमधून थर्डमध्ये

महिन्यातून एकदा सासूबाईंना अमरावतीहून अकोल्याला न्यायचं, हे माझं काम. त्यांची थोरली बहीण तिथे अंथरुणाला खिळून आहे. नवरा शेताच्या मागे असतो, दीर कामानिमित्त बाहेरगावी. मी एका शाळेच्या कार्यालयात आहे, रविवारी मोकळी असते आणि गाडी मला येते. म्हणून ते माझ्याकडे आलं आणि बरीच वर्षं माझ्याकडेच राहिलं.

सासूबाईंना गाडी लागते. त्यामुळे निघण्याआधी माझी तयारी ठरलेली असे. प्लास्टिकच्या पिशव्या, एकीत दुसरी घातलेल्या. पाण्याची बाटली, जुना टॉवेल, लिंबू, आलेपाक. सासूबाई उपाशी निघत. बडनेरा मागे पडलं की त्यांचं बोलणं थांबे, आणि पुढे कुठेतरी त्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "थांबव वो मोठी." मी गाडी बाजूला घेई, पाठ चोळी, तोंड धुवायला पाणी देई. याचा मला कधी कंटाळा आला नाही. इतक्या जवळून सासूबाईंची पाठ घरात दुसऱ्या कोणी चोळलेली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात शाळेत प्रवेशाची गर्दी होती आणि एक रविवार माझ्या हातून गेला. धाकटी जाऊ म्हणाली, "मी नेतो आईले. तुमी शाळा पाहा, ताई." ती वरुडकडची, संत्र्याच्या बागेतली. ट्रॅक्टरवर गाडी शिकली, पुढे पुण्यात गाड्यांच्या कंपनीत नोकरी केली. तिथे कंपनीनेच तिला चाचणीच्या ट्रॅकवर गाडी चालवायचं शिक्षण दिलं होतं. आता घरूनच काम करते. मी तिला तयारीचं सगळं सामान काढून दिलं, कोणती पिशवी आधी द्यायची तेही सांगितलं.

संध्याकाळी दोघी परत आल्या. पिशव्यांची घडी तशीच होती. सासूबाई ताज्यातवान्या. ओट्याशी येऊन म्हणाल्या, "मूर्तिजापूरच्या फाट्यावर आलुबोंडा खाल्ला आमी. दोन-दोन."

"गाडीत बसून?"

"मंग काय उभ्यानं? भल्ली चालवते पोट्टी. पाण्यावाणी. गाडी कवा थांबली आन् कवा निंगाली, समजलंच नाई मले."

मी कणीक मळत होते. तशीच मळत राहिले.

नंतर आठवडाभर त्या आलुबोंड्याचीच चर्चा. शेजारणीला सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं, नवऱ्याला तर जेवताना दोनदा. नवरा हसून मला म्हणाला, "तुही सुट्टी झाली आता!" मीही हसले. मग सासूबाई सरळच बोलल्या, "आता मी लहानीसंगच जाईन बाप्पा. मोठीले कायले तरास?"

त्रास! मी कधी म्हटलं होतं त्रास?

पुढच्या महिन्यात मी कामाचं निमित्त काढून मागच्या सीटवर बसले. अकोल्याला एक कपाट पाहायचं होतं, असं सांगितलं. कपाट मला नको होतं. मला जावेचे हात-पाय पाहायचे होते.

वेग जास्त नव्हता, हे आधी मान्य करते. मला वाटलं होतं, ट्रॅकवर शिकलेली बाई उडवत नेईल. ती माझ्याइतकीच हळू चालली होती. गिअरच्या दांड्यावर तिची मूठ नव्हती, नुसता तळहात. ब्रेकर दिसला की ती लांबूनच ब्रेक लावी, गिअर खाली आणी, आणि क्लच सोडायच्या जरा आधी इंजिनचा आवाज किंचित वर जाई. एवढंच. मग गाडी ब्रेकरवर चढून उतरे आणि सासूबाईंचं डोकं जागचं हलत नसे. त्यांच्या अंबाड्यावर माझी नजर होती. बोरगावपर्यंत अंबाडा हलला नाही. बोरगाव सोडल्यावर तर त्या घोरायला लागल्या. माझ्या गाडीत त्या कधी झोपल्या नव्हत्या. जावेने आरशातून माझ्याकडे पाहून हळूच हसून मान डोलावली. तिला वाटलं, मलाही आनंद झाला.

घरी आल्यावर मी मोबाइलवर शोधलं. ट्रॅकवरचे व्हिडिओ भरपूर होते. त्यात एक माणूस एकाच उजव्या पायाने दोन कामं करत होता. पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक, टाचेने ॲक्सिलरेटर, डाव्या पायाने क्लच, आणि त्याच वेळी गिअर खाली. मी ठरवलं, रहस्य हेच.

शहराबाहेर एक लेआउट आहे. रस्ते आखलेत, खांब उभे आहेत, घरं अजून नाहीत. सकाळी लवकर मी गाडी तिथे नेली. पायात रोजची चप्पल. पहिल्याच वेळी टाच ॲक्सिलरेटरवर गेली आणि ब्रेकवरून बोटं सुटली. गाडी जोरात गुरगुरली, मग धडपडून बंद. दुसऱ्यांदा चप्पल पेडलखाली अडकली. तिसऱ्यांदा ब्रेक इतका कचकन बसला की माझी पर्स सीटवरून खाली गेली. शेळ्या चारणारी एक बाई थांबून पाहत होती.

"काय वो मॅडम, गाडी बिघडली काय?"

"नाही, शिकतेय."

"मास्तर कुठी हाये मंग?"

तिला उत्तर द्यावंसं वाटलं नाही. पण प्रश्न बरोबर होता. मास्तर घरी लॅपटॉपसमोर बसली होती आणि तिला विचारायचं नाही म्हणूनच मी चपलेने ट्रॅकवरची करामत करत होते. दोन्ही गोष्टी समोरासमोर ठेवल्या, की एकीकडे मान आणि दुसरीकडे अकोल्याची फेरी. मला फेरी हवी होती.

दुपारी मी तिच्या खोलीत चहा घेऊन गेले. उभ्यानेच विचारलं, "आईंना माझ्या गाडीत उलटी का होते?"

तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "राग नका मानू ताई."

"नाही मानत. सांग."

"तुमी भाऊजीयवाणी चालवता."

तिने भाऊजी म्हटलं तो माझा नवरा. गाडी मला त्यानेच शिकवली. शेजारी बसून सतत "टॉप गिअर टाक, टॉप टाक, डिझेल जाते" असं ओरडत. उतार लागला की न्यूट्रल, कारण डिझेल वाचतं. ब्रेकर येईपर्यंत न्यूट्रलमध्ये सोडून द्यायची, मग सरळ सेकंड टाकून क्लच सोडायचा. आमच्याकडे काटकसरीने गाडी चालवणं म्हणजे हेच. मी ते मन लावून शिकले होते आणि त्याचा मला अभिमानही होता.

"न्यूट्रलमध्ये इंजिन झोपते," जाऊ म्हणाली. "चाकं मातर पळून राहिली असतात. तुमी सेकंड टाकून क्लच सोडला का दोघायची टक्कर होते. त्या टक्करीत आई पुढे जातात, मंग मागं. तासभर असं झालं तं कोणालेबी मळमळते."

"आणि तू टाचेने करतेस ते?"

"टाचेनं?" ती हसायला लागली, मग माझा चेहरा पाहून थांबली. "ते ट्रॅकवर, ताई. तिथं वळणात वेळ नसते, म्हणून ब्रेक आन् ॲक्सिलरेटर एकाच पायानं. आपल्याले घाई कुठं हाये? आधी ब्रेक मारून घ्यायचा. मंग क्लच दाबून थर्ड. मंग ॲक्सिलरेटरले जरासा पाय, इंजिन जागं होईपर्यंत. मंग क्लच सोडायचा, हळू. न्यूट्रल करायचंच नाई."

एवढंच होतं. चहा पिता पिता सांगून झालं. तिने दोन संध्याकाळी माझ्या शेजारी बसून ते करूनही घेतलं. ती चांगली शिकवते. ओरडत नाही. झटका बसला की "होते होते" म्हणते. ती वाईट असती तर मला किती सोपं गेलं असतं!

पुढच्या फेरीच्या रविवारी मी सासूबाईंना म्हटलं, या वेळी मी नेते. त्यांनी आधी जावेकडे पाहिलं. जाऊ म्हणाली, "जा ना आई, ताईसंग." तेव्हा त्या उठल्या. उपाशीच निघाल्या, यावरून मला काय ते समजलं.

मी एकदाही न्यूट्रल केलं नाही. प्रत्येक ब्रेकर लांबून हेरला. ब्रेक, क्लच, थर्ड, जरासा पाय, क्लच. ओठ हलत असतील बहुतेक. बडनेरा गेलं आणि सासूबाई बोलतच होत्या, कोणाच्या तरी सुनेबद्दल. मूर्तिजापूरचा फाटा गेला. बोरगावजवळ एक ट्रॅक्टर अचानक आडवा आला, माझी गडबड झाली आणि एक झटका बसला. पण त्या बोलतच राहिल्या. अकोल्याला उतरल्यावर त्यांनी बहिणीच्या घरी पोळीभाजी मागून घेतली.

बहिणीने पडल्या पडल्या विचारलं, "आज उलटी नाई झाली वाटते? लहानी आली काय संग?"

"नाई, मोठीनं आणलं," सासूबाई म्हणाल्या. माझी मान वर झाली. "लहानीनं शिकवलं तिले."

तेवढ्यात जावेचाच फोन. सासूबाईंना ऐकू यावं म्हणून मी तो स्पीकरवर ठेवला.

"कसं झालं ताई? झटके बसले काय?"

"नाही," मी म्हटलं.

"एक बसला!" सासूबाई पलंगावरून ओरडल्या. "बोरगावापाशी. ट्रॅक्टर आला होता."

"एकच? मंग तं पास झाल्या ताई. आई, आता दर महिन्याले ताईच नेतील तुमाले. मले रविवारी झोपू द्या."

"झोप बाई, झोप," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जी माया होती ती मी ओळखते. ती माझ्यासाठी नव्हती.

मला हवी होती ती फेरी मला मिळाली. पण ती सासूबाईंनी दिली नाही, जावेने सोडली. कपडे नीट बसत नाहीत म्हणून आपण दुसऱ्याला देतो तशीसुद्धा नाही. चांगली, वापरण्याजोगी, हसतमुखाने. मी फोन ठेवला, ताटं विसळली, सासूबाईंना चपला शोधून दिल्या आणि निघायची घाई केली. अंधाराआधी घरी पोचायचं होतं.

परतीला त्या माझ्या शेजारी बसल्या आणि बोरगावच्या पुढे त्यांचा डोळा लागला. मी रस्ताभर ठरवत होते, त्या माझ्या गाडीत झोपल्या हे घरी गेल्यावर जावेला सांगायचं की नाही. बडनेऱ्यापर्यंत ठरलं होतं, सांगायचं नाही.