हलली तर नाव बदलीन

फरशीवाल्याला चिखलाचा भारी तिटकारा. गल्लीतली झाडून सगळी अंगणं त्यानं सिमेंटमध्ये फरशी बसवून चकाचक केली होती. "हलली तर नाव बदलीन," असं छातीठोकपणे सांगायचा.

पूर्वी पाऊस आठवडाभर रिपरिपायचा आणि सावकाश जमिनीत मुरायचा. आता तो महिनाभर दडी मारतो आणि मग तासाभरात असा कोसळतो, की पाणी फरशीवरून घसरत थेट गटारात. यंदाही गल्लीतून गुडघाभर पाणी वाहून गेलं आणि विहीर मात्र कोरडीठाक.

बायको मुलखाची खट. तो कामावर गेल्यावर तिनं पहार घेऊन स्वतःचं अंगण उखडलं; घरच्या फरशीला त्यानं सिमेंट जरा हात राखूनच लावलं होतं. संध्याकाळी त्यानं थयथयाट केला, तशी ती म्हणाली, "पाऊस दारात येतो आणि तुम्ही त्याला आत घेत नाही. मग विहिरीत काय तुमचा घाम साठणार?"

पुढच्या सरीचं पाणी त्या अंगणात जागच्या जागी मुरलं. ते पाहून शेजारच्या मावशींनी आपलं अंगण उखडायला त्यालाच बोलावलं. दुपारपर्यंत तो घामाघूम झाला, पण एक फरशी हलेल तर शपथ!

"कुठल्या गाढवानं बसवलीय ही?" तो खेकसला.

"हळू बोला," कुंपणापलीकडून बायको म्हणाली, "गाढव ऐकतंय."